सत्तेचाळीस नंबरच्या बिलातला अकोल्याचा कॉल

टेलिफोन खात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस पुढे सरकून विचारतो, "म्हणजे तुम्ही सगळ्यांचं बोलणं ऐकत असाल?" लग्नात विचारतात, एस.टी.त विचारतात, परवा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना विचारलं. तर एकदाच लिहून टाकते. ऐकायला वेळच नसायचा, आणि जे कानावर पडायचं ते बोर्डापाशीच ठेवून घरी जायचं, ही नोकरीची पहिली अट होती. मी ती पाळली. आज ज्या कॉलबद्दल लिहिते आहे, त्याची परवानगी मला त्या कॉलच्या मालकिणीनंच देऊन ठेवली होती. "माझ्या मागं लिही," म्हणाल्या होत्या, "म्हणजे कोणी मार्क विचारायला येणार नाही."

मी चांदूर बाजारजवळच्या खेड्यातली. घरी कपाशी आणि तूर, आणि मॅट्रिक झालेली घराण्यातली पहिली मुलगी मीच. साठ सालानंतर लगेच अमरावतीच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर टेंपररी म्हणून लागले. ट्रेनिंगमध्ये त्यांनी माझी वऱ्हाडी घासून घासून काढली. पहिल्याच आठवड्यात चांदूर बाजारचा एक कापूसवाला माझं ते "कृपया थांबा" ऐकून चिडला आणि म्हणाला, "हे पुण्याची बाई कोठून आणून बसवली? मले आपली बाई द्या." मी आवाज खाली करून म्हटलं, "भाऊ, मी आपलीच हाओ, पण सायेब मांगं उभे आहेत." त्यानंतर तो दर वेळी मलाच मागायचा.

त्या काळचा फोन आजच्या वाचकांना थोडा समजावून सांगायला हवा. फोनवर आकडे फिरवायची तबकडी नव्हतीच. तुम्ही रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधल्या बोर्डावर तुमचा छोटा दिवा पेटे आणि गावातले कॉल जोडणारी मुलगी "नंबर प्लीज" म्हणे. गावाबाहेर बोलायचं असलं की ती तुम्हाला आमच्याकडे, ट्रंककडे देई. आम्ही एक तिकीट लिहायचो: कुठल्या नंबरवरून, कुठल्या गावी, कोणाला, किती वाजता, किती मिनिटं. अकोल्याला जाणाऱ्या लाइनी मोजक्याच, त्यामुळे तास दीड तास थांबावं लागे. लाइन मिळाली की आम्ही तुमच्या नंबरवर उलट घंटी देऊन कॉल जोडायचो. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून विचारायचं, वाढवायचं का. महिनाअखेरीस सगळ्या तिकिटांवरून बिल तयार होई.

आणि बिल घरोघर पोचलं की आमच्याकडे जत्रा भरे. "हा कॉल आमचा नाही." दर महिन्याला दहा-बारा जण तरी यायचे. एक धान्याचे व्यापारी शपथेवर सांगत होते की नागपूरचे पाच कॉल त्यांचे नाहीत. मी तारीख वाचून दाखवली तेव्हा त्यांना आठवलं की त्या दिवशी नातू झाला होता आणि पाचही व्याह्यांना त्यांनी स्वतःच बोंबलून बातमी दिली होती. सेमाडोहकडचे एक फॉरेस्टचे साहेब सुटीवर आले की मित्राच्या घरून कॉल करायचे आणि मित्र महिनाभर डोकं खाजवत बसायचा. असं पाहून पाहून माझं मत पक्कं झालं होतं की माणूस विसरतो, तिकीट विसरत नाही. नोकरीला दीड वर्ष झालेलं, कायम होण्याचे कागद वर गेलेले, आणि अंगात मस्ती भरपूर.

तेव्हा नानासाहेब सोहोनी वकील आमच्याकडे आले.

नानासाहेबांचा नंबर सत्तेचाळीस. अंबादेवीच्या रस्त्याकडे त्यांचं घर, पुढच्या खोलीत ऑफिस आणि फोन त्या ऑफिसात. नानासाहेब कोर्टात गेले की ऑफिसला कुलूप. फोनवर घरच्यांचा हक्क फक्त रविवारी सकाळी. तेव्हा ते स्वतः खोली उघडून देत आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे सोहोनीकाकू, जबलपूरला दिलेल्या मुलीशी तीन मिनिटं बोलत. काकूंचा आवाज जाडसर, हसरा. नंबर त्यांनी मला कधीही सांगितला नाही. "मी सोहोनीकाकू बोलते ग, सुमनला लाव," एवढंच. माझ्या हातानं सत्तेचाळीस आपोआप लिहिलं जाई.

तर जुलैतली दुपार. नानासाहेब आमच्या सुपरवायझरच्या, ठोसर साहेबांच्या टेबलापुढे बसले. मागे त्यांचे मुन्शी उभे होते, बापूराव इंगोले. पन्नाशीचा साधा माणूस, डोक्याला टोपी, काखेत फायलींचं बोचकं. वीस वर्षं तो नानासाहेबांच्याच ऑफिसात होता. बिलात अकोल्याचा एक कॉल होता, जुन्या शहरातल्या एका शाळेत, सहा मिनिटांचा.

"अकोल्याच्या कुठल्याही शाळेशी माझा संबंध नाही," नानासाहेब म्हणाले. "त्या दिवशी मी दर्यापूरच्या कोर्टात होतो. डायरीत नोंद आहे."

ठोसर साहेबांनी तिकीट मागवलं. अक्षर माझं. मला बोलावलं. मी तिकीट पाहिलं आणि मला तो कॉल लख्ख आठवला. काकूंचा आवाज होता. एरवी तासभर न मिळणारी अकोल्याची लाइन त्या दुपारी मोकळी होती, म्हणून मी "थांबा, आत्ताच देते" म्हणून लगेच जोडून दिला होता. तीन मिनिटांनी मध्ये बोलले तेव्हा पलीकडून एक पुरुष सावकाश आकडे वाचत होता आणि काकू प्रत्येक आकडा परत म्हणत होत्या. त्या वर्षांत आमच्या भागात कापसाच्या भावावर आकडा लावायचं वेड आलेलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं सोहोनीकाकू आकडा खेळतात. दोन दिवस मी एकटीच त्या विचारानं हसत होते.

पण हे तोंडातून काढायचं नव्हतं. कॉल कोणी केला आणि काय बोलला, हे कोणालाही सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. ठोसर साहेबांनी नेहमीचं उत्तर दिलं, "तिकीट आहे म्हणजे कॉल झाला. बिल भरावं लागेल."

"बिलाचा प्रश्न नाही," नानासाहेब म्हणाले. "खोलीची किल्ली माझ्यानंतर एकाच माणसाजवळ असते. त्या दिवशी दुपारी दोनला फाइल काढायला खोली कोणी उघडली होती, बापूराव?"

"मी उघडली होती, सायेब."

"आणि तुमचा मुलगा अकोल्याला कुठल्या शाळेत आहे?"

बापूरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा त्याच शाळेत होता, बोर्डिंगात.

"सायेब, वीस वर्सं झाली," ते म्हणाले. "मी फोनले हात बी नाही लावला. मले त बोलताही येत नाही त्याच्यात."

"चार रुपयांसाठी मी माणूस तोडत नाही. खोटं बोलण्यासाठी तोडतो. किल्ली संध्याकाळी घरी देऊन टाका."

मग बापूराव माझ्याकडे वळले. "बाई, हे तुमीच लिवलं ना? तुमीच सांगा, माहा आवाज होता का?"

नव्हता. एवढा एकच शब्द होता. मी ठोसर साहेबांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि मी म्हणाले, "आम्हाला सांगता येत नाही." नियमाला धरूनच बोलले. पण ते बाहेर पडताना त्यांची टोपी दारापाशी पडली आणि त्यांना ती उचलायचं भानही राहिलं नाही, हे मी आजवर विसरलेले नाही.

ड्यूटी सुटल्यावर मी ज्यांच्याकडे राहत होते त्या मामांच्या घरी न जाता सरळ सोहोनींच्या घरी गेले. खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटत होती. काकूंना आकड्याच्या नादातून कशी सोडवावी, याचं भाषण मी रस्ताभर तयार करत होते. नानासाहेब क्लबात गेलेले. काकू ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, ठेंगण्या, चष्मा लावलेल्या. मी नाव सांगितलं तर त्यांनी आवाजावरून मला ओळखलं.

"तू ट्रंकवाली. आवाज पोरीचा आणि थाट कलेक्टरचा."

मी भाषण बाजूला ठेवलं आणि जे झालं ते सांगितलं. बिल, शाळा, मुन्शी, किल्ली. काकूंचे हात सुपात थांबले.

"पण मी आमच्या फोनवरून केलाच नाही," त्या म्हणाल्या.

"काकू, तुमचा आवाज मी ओळखते."

"आवाज माझाच. पण फोन शेजारच्या दवाखान्यातला. डॉक्टर दुपारी घरी जातात. कंपाउंडरला विचारून केला. बिल आलं की सांगा म्हटलं आणि पाच रुपये त्याच्याजवळ देऊन ठेवले. खोलीची किल्ली माझ्याजवळ कुठून येणार?"

काय झालं असणार ते मला तिथल्या तिथं कळलं. उलट घंटी द्यायची असती तर ती सत्तेचाळीसवर गेली असती, कोणी उचलली नसती आणि चूक उघडी पडली असती. पण लाइन मोकळी मिळाली, मी लगेच जोडून दिलं. आवाज ओळखीचा, म्हणून नंबर विचारलाच नाही. गावच्या बोर्डावर दिवा दवाखान्याचा पेटला आणि तिकिटावर मी घर लिहिलं. सबंध वऱ्हाडात आवाजावरून माणूस ओळखण्यात माझा हात कोणी धरत नाही, असं मी डबा खाताना मैत्रिणींना सांगत असे. त्याच फुशारकीनं मुन्शीची नोकरी घालवली होती.

"आणि ते आकडे?" मी विचारलं. आता विचारायला हरकत नव्हती, असं मला वाटलं. खरं तर होती.

काकूंनी आत जाऊन दार लोटून घेतलं आणि एक वही आणली. सुमनची जुनी भूगोलाची वही, मागच्या पानांवर काकूंच्या अक्षरात बीजगणित. मुलगी लग्न होऊन गेली, तिची मॅट्रिकची पुस्तकं पेटीत राहिली. काकू दोन वर्षं दुपारी ती पुस्तकं वाचत होत्या. मार्चमध्ये आईची तब्येत बरी नाही म्हणून अकोल्याला माहेरी गेल्या आणि बाहेरून परीक्षेला बसल्या. भाऊ त्याच शाळेत मास्तर. निकालाच्या दिवशी त्यानं फोनवर एकेका विषयाचे मार्क वाचून दाखवले.

"सेकंड क्लास," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चष्मा ओला झाला. "गणितात चौसष्ट."

मी मॅट्रिक होते, मला ती पुस्तकं माहीत होती, आणि मला गणितात एकेचाळीस होते.

"मग सांगितलं काहून नाही अजून?"

"पाहुण्यांसमोर हे नेहमी म्हणतात, आमच्या हिची गाडी चौथीच्या पुढच्या स्टेशनावर गेलीच नाही. सगळे हसतात. मीही हसते. सर्टिफिकिट हातात आलं की समोर ठेवीन म्हटलं होतं. वकील आहेत, नुसत्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवणार नाहीत. आठ-दहा दिवसांत येईल. तेवढं थांबता नाही येणार तुला?"

"मी थांबीन. बापूराव काय खातील आठ दिवस?"

हे जरा जोरात बोलले गेले. पुणेकर बाई असती तर रागावली असती, काकू रागावल्या नाहीत. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. बापूराव आले होते. डोकं उघडं, हातात रुमालात बांधलेली किल्ली. ती त्यांनी ओसरीच्या कडेला ठेवली.

"बाईसायेब, सांभाळून ठेवा. कपाटाची बी याच्यातच आहे. सोमवारच्या तारखेची फाइल वरच्या खणात ठेवून राहिलो होतो, ते सायेबाले सांगजा," म्हणाले आणि गेले. काढून टाकलेला माणूस सोमवारच्या तारखेची काळजी करत होता. काकू त्या किल्लीकडे पाहत राहिल्या. मी म्हटलं, उद्या अकराला नानासाहेबांना बोलावून मी माझी चूक सांगणार, तुमचं नाव घेणार नाही. त्यांनी ती उचलून पदराच्या टोकाला बांधली.

जाता जाता मी दवाखान्यात डोकावले. कंपाउंडर मला पाहून आनंदला. त्यानं कपाटातून मिक्श्चरची एक रिकामी बाटली काढली, आत काकूंची पाचाची नोट, वर चिठ्ठी चिकटवलेली: अकोला फोन. "दोनदा बिल पाह्यलं बाई, त्या कॉलचं नावच नाही त्याच्यात. तुमच्या इथं विसरले वाटते?" एका घरी नको असलेला कॉल येऊन बसला होता आणि भिंतीपलीकडे दुसऱ्या घरी त्याचे पैसे बाटलीत वाट पाहत होते. पुरावा डोळ्यांसमोर होता.

दुसऱ्या दिवशी मी ठोसर साहेबांना चूक लिहून दिली. वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं. "वानखडे, तुमचे कायमचे कागद वर गेलेत. हे वर कळलं तर परत येतील. फाडू का हे?" माणूस चांगला होता, म्हणून विचारलं. घरून दर महिन्याला माझ्या पगाराची वाट पाहत. मी म्हटलं, "नका फाडू साहेब. मुन्शीलाही बोलवा."

अकरा वाजता नानासाहेब आले. बापूराव दाराशी, आत यायला तयार नाहीत. ठोसर साहेबांनी सांगितलं की चूक आमची, कॉल दुसऱ्या नंबरवरून झाला होता, तुमच्या बिलातून काढतो. मला वाटलं संपलं. पण समोर वकील होता.

"कुठल्या नंबरवरून?"

"ते सांगता येत नाही."

नानासाहेब माझ्याकडे वळले. "बाई, गावात फोन किती?"

"काही शे असतील."

"त्यातून माझाच नंबर का लिहिलात?"

"चुकून, साहेब."

"माझ्याशी काही वैर?"

"नाही."

"मग चुकून हात माझ्याच नंबरावर कसा गेला? नंबर विचारला होता?"

"नाही."

"न विचारता लिहिला. म्हणजे बोलणाऱ्याला ओळखून लिहिला." मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिले. "म्हणजे आवाज माझ्या घरचा होता. बापूरावांचा नव्हता."

"नव्हता," मी म्हणाले. आदल्या दिवशीचा शब्द एक दिवस उशिरा बाहेर पडला. दाराशी बापूरावांनी डोळ्यांना उपरणं लावलं.

"मग कोणाचा?"

आणि ठोसर साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकलं, आणि गोंधळून रिसीव्हर नानासाहेबांपुढे धरला. "सत्तेचाळीसवरून आहे. आपल्यासाठी."

आम्हाला एकीकडचंच ऐकू येत होतं.

"कोण? तू? खोली कोणी उघडली?... किल्ली तुझ्याजवळ?... हो, बापूराव इथंच आहेत.... काय?... कोण, सुमन? ती तर केव्हाच झाली.... तू?" नानासाहेब सावकाश खुर्चीत बसले. "कधी?... दवाखान्यातून?" मग अगदी हळू, "गणितात किती?"

ऐकून त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि दोन्ही हात त्यावरच राहू दिले. डोळे भरलेले, तरी तोंडावर हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं.

"ठोसर," ते म्हणाले, "तो कॉल माझ्या बिलातून काढू नका."

"पण साहेब, तो तुमच्या फोनवरून झालेला नाही."

"माझ्या घरच्या माणसानं केला. तिकिटावर माझा नंबर आहे. तिकीट आहे म्हणजे कॉल झाला, हे तुम्हीच काल म्हणालात."

"नियमात बसत नाही, साहेब."

आणि जो माणूस काल हा कॉल बिलातून काढावा म्हणून आला होता, तो आज तो बिलात राहावा म्हणून पाऊण तास भांडला. कलमं सांगितली, वर अर्ज करीन म्हणाला. ठोसर साहेब हटले नाहीत, कॉल दवाखान्याच्या बिलावर गेला. हरलेल्या वकिलाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटी ते दाराशी गेले. "बापूराव, माझं चुकलं. चला. किल्ली घ्या घरून."

बापूराव लगेच हलले नाहीत. मग म्हणाले, "येतो सायेब. पण किल्ली आता बाईसायबापाशीच राहू द्या. मले लागली त मी त्यायले मागून घेईन."

नानासाहेबांनी मान खाली घालून हो म्हटलं.

माझे कागद परत आले. सहा महिने टेंपररीचे वाढले, आणि सर्व्हिस बुकात शेरा बसला: आवाज ओळखला, नंबर विचारला नाही. तो शेरा निवृत्तीपर्यंत राहिला. मला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटते ती त्या आदल्या दिवसाची, आणि त्याचा शेरा कोणी लिहिला नाही.

हे सगळं मिटलं त्याच दुपारी मी परत बोर्डावर बसले. अर्ध्या तासात दिवा पेटला.

"लाइटनिंग लावा," पलीकडून आवाज आला. लाइटनिंग म्हणजे सगळ्यांच्या आधी, आठपट दरानं. लोक ते मरणाच्या बातमीलाच करत. "जबलपूरला, आमच्या सुमनला. तिची आई मॅट्रिक झाली म्हणून सांगायचं आहे." मागून एक जाडसर, हसरा आवाज म्हणत होता, "अहो, साधा करा, आठपट पैसे पडतात."

दोन्ही आवाज मी झोपेतसुद्धा ओळखले असते. मी तिकीट पुढे ओढलं, पेन्सिल घेतली आणि विचारलं, "आपला नंबर?"